स्वेच्छानिवृत्ती : शिधा किती वर्षांचा?

तुमसर तालुक्यातील आंबागडचा किल्ला सन १७०० च्या सुमारास बख्त बुलंद शहाच्या अमदानीत बांधला गेला. कोणत्याही गडाचे बळ तटाच्या उंचीत असते तितकेच आतल्या धान्यात आणि पाण्यात असते. ‘कोठार किती मोठे?’ हा प्रश्न किल्लेदाराच्या दृष्टीने अपुरा असे. ‘ते किती दिवस पुरेल?’ हाच त्याचा खरा प्रश्न. नोकरीची आठ-दहा वर्षे शिल्लक असताना ती सोडण्याचा विचार करणाऱ्या आजच्या पगारदारापुढेही हाच प्रश्न आहे. परंतु बहुधा तो पहिलाच प्रश्न विचारतो आणि त्याच्या उत्तरावर समाधान मानतो.

आंबागडच्या परिसरात हा विषय पुस्तकी नाही. याच तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. तुमसरची धानाची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. शाळा, बँका आणि सरकारी कचेऱ्या यांच्या पगारावर अनेक घरे चालतात. अशा गावात निवृत्तीची रक्कम गुप्त राहत नाही. रक्कम हाती येण्यापूर्वीच घराचा स्लॅब, मुलीचे लग्न, भावाची उसनवारी आणि बांधाला लागून विकाऊ असलेली जमीन असे तिचे चार वाटेकरी ठरलेले असतात.

स्वेच्छानिवृत्तीचे अलीकडील सर्वांत मोठे उदाहरण भारत संचार निगमचे आहे. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पन्नाशी गाठलेल्या कर्मचाऱ्यांसाठी योजना जाहीर झाली. झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ३५ दिवसांचे आणि उरलेल्या प्रत्येक वर्षामागे २५ दिवसांचे वेतन सानुग्रह म्हणून देऊ करण्यात आले. ७८ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी ती स्वीकारली आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ते एकाच दिवशी सेवामुक्त झाले. यांतील जे दूरसंचार खात्यातून निगमात आले होते, त्यांच्या पाठीशी महागाईबरोबर वाढणारे सरकारी निवृत्तिवेतन होते. सानुग्रह रक्कम ही त्यांच्या दृष्टीने वरची साय होती. ज्यांच्यापाशी खालचे दूधच नाही, त्यांनी या उदाहरणावरून आपला निर्णय घेणे धोक्याचे आहे.

हे स्पष्ट व्हावे म्हणून एक साधा हिशेब मांडू. समजा, पन्नासाव्या वर्षी नोकरी सोडणाऱ्या एका लिपिकाला भविष्य निर्वाह निधी, उपदान आणि सानुग्रह मिळून ३० लाख रुपये मिळाले. घरखर्च दरमहा २५ हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख. ठेवीवर ७ टक्के व्याज मिळते आणि महागाई ६ टक्क्यांनी वाढते असे धरू. पहिल्या वर्षाचे व्याज दोन लाखांच्या घरात जाते आणि ‘थोडे मुद्दल मोडले की भागेल’ असे वाटते. पण खर्च दरवर्षी चढत जातो आणि मुद्दल दरवर्षी झिजत जाते. अकराव्या वर्षाच्या मध्यास ही सर्व रक्कम संपते. त्या वेळी त्या गृहस्थाने नुकतीच साठी ओलांडलेली असते. आरंभीच घर किंवा लग्न यांसाठी ८ लाख काढले असतील, तर उरलेले २२ लाख साडेसात वर्षांतच संपतात. म्हणजे ज्या ५८ व्या वर्षी तो नियमाप्रमाणे निवृत्त झाला असता, ते वर्ष उजाडण्यापूर्वीच त्याची थैली रिकामी होते!

याउपर व्याजाचा दरही कायम राहत नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यास बँका मुदत ठेवींवर बारा टक्क्यांच्या आसपास व्याज देत. २०२०-२१ मध्ये मोठ्या बँकांचा दर साडेपाच टक्क्यांच्याही खाली होता. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर अधिक आहे, परंतु ती साठीनंतरची. मुदतपूर्व निवृत्तांनाही साधारणतः पंचावन्न वर्षे पूर्ण झालेली असली तरच तिच्यात प्रवेश मिळतो. पन्नाशीत बाहेर पडलेल्याला तिचे दार बंदच असते.

निवृत्तिवेतनाची आशा धरावी, तर तेथेही लवकर निघणाऱ्याचेच पारडे हलके आहे. १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत २०१४ मध्ये ठरलेल्या १५ हजारांच्या वेतनमर्यादेने पंचवीस वर्षांच्या सेवेचा हिशेब केला, तर ५८ व्या वर्षी महिना ५,७८६ रुपयांहून अधिक हाती पडत नाही. पन्नाशीनंतर ते लवकर घ्यावे, तर दर वर्षामागे चार टक्के घट. शिवाय ही रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. केंद्र सरकारने १ एप्रिल २०२५ पासून लागू केलेल्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत किमान वीस वर्षांच्या सेवेनंतर स्वेच्छेने निवृत्त होता येते. मात्र हमीची रक्कम सुरू होते ती नियत निवृत्तीच्या तारखेपासूनच. मधल्या वर्षांची चूल कशी पेटवायची, हे ज्याचे त्याने पाहायचे.

‘शेती करीन’ हे यावरचे नेहमीचे उत्तर. शेती हा मानाचा उद्योग आहे यात वाद नाही. परंतु धानाचे पैसे कापणी, मळणी आणि विक्रीनंतर येतात, तर वाण्याचा हिशेब, औषधे आणि मुलांचे शुल्क महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली जमीन अडीअडचणीला चटकन मोडताही येत नाही. शिवाय पतीची निवृत्ती म्हणजे पत्नीच्या कामात भर, असा आपल्या घरांतील अनुभव आहे. कचेरीतून सुटका होते, स्वयंपाकघरातून होत नाही. म्हणून हा निर्णय एकट्याच्या सहीने घेण्याचा नाही.

तथापि मुदतपूर्व निवृत्ती सर्वांनाच वर्ज्य आहे असे मुळीच नव्हे. ढासळलेली प्रकृती, घरातील दीर्घ आजारपण किंवा बंद पडत चाललेला कारखाना ही खरी कारणे आहेत. अशा वेळी निदान क्रम चुकू नये. प्रथम कर्ज फेडावे, दोन वर्षांचा घरखर्च सहज काढता येईल असा बाजूला ठेवावा, आजारपणाच्या विम्याची तजवीज करावी आणि मगच लग्न व बांधकाम यांना हात घालावा. अर्धवेळ का होईना, दरमहा काही मिळकत राहील असे पाहावे. कारण वर्षाला मिळणारे एक लाख रुपयेसुद्धा थैलीचे आयुष्य कितीतरी वर्षांनी वाढवितात.

परंतु सारा भार कर्मचाऱ्याच्या शहाणपणावर टाकून चालणार नाही. स्वेच्छानिवृत्तीची योजना जाहीर करणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने एकूण रकमेच्या ठळक आकड्याबरोबरच ती रक्कम दरमहा किती आणि किती वर्षे पुरेल, याचा लेखी हिशेब प्रत्येकाच्या हाती दिला पाहिजे. आपल्या वेतनखर्चात किती बचत होईल हे मालकाने योजना आखतानाच मोजलेले असते. कामगारानेच तेवढे अंदाजावर का चालावे? आणि निवृत्तिवेतन महागाईशी जोडले जात नाही, तोवर ‘स्वेच्छा’ या शब्दातील इच्छा कोणाची, हा प्रश्न विचारत राहणे भागच आहे.