पाणी ओसरलं, पहिले ७२ तास

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी वस्त्यांत शिरली, लाखो मुंबईकर कमरेएवढ्या पाण्यातून घरी चालत गेले. पाणी उतरल्यावर दुसरं संकट आलं: लेप्टोस्पायरोसिस.

उंदीर, कुत्री, गुरं यांच्या मूत्रातून या आजाराचे जंतू पाण्यात मिसळतात आणि पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या जागेतून किंवा डोळ्यांतून शरीरात जातात. ताप येतो तो बहुधा ५ ते १४ दिवसांनी. तोवर पूर विस्मरणात गेलेला असतो, आणि घोटाळा होतो तो इथेच. ‘व्हायरल’ म्हणून अंगावर काढलेला ताप मूत्रपिंडांपर्यंत पोचू शकतो. पोटऱ्या विलक्षण दुखणं, डोळे लाल होणं, लघवी कमी होणं या खुणा ओळखा आणि डॉक्टरांना ‘पाण्यातून चाललो होतो’ हे आवर्जून सांगा.

मुंबई महापालिका आता दर पावसाळ्यात सांगते की साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं तर ७२ तासांच्या आत वैद्यकीय सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्या. ते बहुधा डॉक्सिसायक्लिन असतं. गरोदर स्त्रिया व लहान मुलांसाठी औषध वेगळं. परस्पर दुकानातून गोळ्या आणू नका. पायाला जखम असेल, तर डोस बदलतो.

हा आजार शहराचाच नव्हे. सिंधुदुर्गात चिखलात अनवाणी भातलावणी करणाऱ्यांनाही तो गाठतो. गमबूट घाला हा सल्ला तिथे द्यायला सोपा, पाळायला अवघड.

मुंबईत आपत्कालीन मदतीसाठी १९१६, राज्यभर रुग्णवाहिकेसाठी १०८.