धावणाऱ्या पायांचा जोडा

१० सप्टेंबर १९६० ची संध्याकाळ. रोम शहराच्या जुन्या फरसबंद रस्त्यांवरून ऑलिंपिकची मॅरॅथॉन शर्यत चालली होती. अंधार पडला, सैनिकांनी धरलेल्या मशालींच्या उजेडात शेवटची रेषा दिसू लागली, आणि सर्वांच्या पुढे धावत आला तो इथिओपियाच्या राजरक्षक दलातील एक सैनिक, अबेबे बिकिला. त्याचे पाय अनवाणी होते! शर्यतीपूर्वी मिळालेले बूट त्याच्या पायांना नीट बसेनात; तेव्हा सरावाच्या अनवाणी पायांनीच धावण्याचे त्याने ठरविले आणि ४२ किलोमीटरांहून अधिक अंतर २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत तोडून शर्यत जिंकली. १९६४ साली टोकियो येथे तो पुन्हा पहिला आला. त्या वेळी त्याच्या पायांत बूट होते, आणि वेळही तीन मिनिटांनी कमी लागला.

यावरून बूट निरुपयोगी आहेत असे ठरत नाही. बुटांमुळेच वेग वाढतो असेही ठरत नाही. बिकिलाने एक गोष्ट मात्र अचूक ओळखली होती. बूट पायासाठी असतो, पाय बुटासाठी नसतो. बारा-तेरा वर्षांच्या धावपटूने तर ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयास हवी. असे का, ते पाहू या.

आपल्या एका पावलात २६ हाडे असतात. ती स्नायूंनी व बळकट बंधांनी अशी बांधलेली असतात की, तळव्याखाली एक कमान तयार होते. पाऊल जमिनीवर टेकताच ही कमान किंचित दबते आणि उचलताना पुन्हा पूर्ववत होते. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार पायावर येतो. म्हणजे ४० किलो वजनाच्या मुलाच्या एका पायावर क्षणभर ८० ते १२० किलोंचा भार पडतो. एक किलोमीटर धावण्यास सुमारे एक हजार पावले टाकावी लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे पायाच्या कामगिरीची कल्पना येते.

प्रौढ माणसाचा पाय पूर्ण घडलेला असतो. मुलांचा पाय अजून घडत असतो. वाढत्या हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते. टाचेच्या हाडाच्या मागील बाजूस असलेला असा भाग साधारणपणे चौदा-पंधरा वर्षांपर्यंत पक्का होत नाही. पोटरीची जाड कंडरा नेमकी तेथेच ओढत असते. त्यामुळे धावण्याचे श्रम एकाएकी वाढविले किंवा तळ झिजलेले बूट वापरले, तर टाच दुखू लागते.

म्हणून बूट निवडताना घाई करू नये. दिवसभरात पाय थोडा सुजतो, यासाठी दुकानात संध्याकाळी जावे. धावताना घालतो तेच मोजे बरोबर न्यावेत. दोन्ही पावले उभ्यानेच मोजावीत, कारण अनेकांचे एक पाऊल दुसऱ्यापेक्षा किंचित मोठे असते. माप मोठ्या पावलाचे धरावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी आणि बोटे आत मोकळी हलावीत. टाच मात्र घट्ट बसावी. चालताना ती वर निसटता कामा नये. बुटाची मागची बाजू चिमटीत दाबली तर सहज चेपू नये. बूट वाकवून पाहावा. तो चवड्याशी वाकावा, मधोमध दुमडू नये. आधार म्हणतात तो हाच.

ओला तळवा जमिनीवर उमटवून, त्या ठशावरून बूट निवडावा, असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. अमेरिकेच्या लष्करात नव्या सैनिकांना तळव्याच्या आकाराप्रमाणे बूट देऊन पाहण्यात आले. तरी त्यांच्या दुखापतींत फारसा फरक पडला नाही. तेव्हा ठशापेक्षा पायाची साक्ष अधिक मोलाची. दुकानातच थोडे धावून पाहावे. जो बूट आज टोचतो, तो उद्या सैल होईल या आशेवर घेऊ नये. किमतीवरूनही बुटाची पारख होत नाही.

आपल्याकडे सदरा वाढत्या अंगाचा शिवतात, आणि त्यात काटकसर आहे. बुटाला मात्र हा न्याय लागू पडत नाही. मोठ्या बुटात पाय पुढेमागे घसरतो, फोड येतात, घोटा मुरगळतो. थोरल्या भावाचा जुना बूट त्याच्या पावलाप्रमाणे झिजलेला असतो. धाकट्याच्या पावलाला तो वाकडी सवय लावू शकतो. याउलट, बूट आखूड झाला तरी घरच्या खर्चाच्या विचाराने कित्येक मुले ते बोलून दाखवीत नाहीत. हा समजूतदारपणा कौतुकाचा खरा, पण तो पायाला महाग पडतो. दर दोन-तीन महिन्यांनी अंगठ्यापुढील जागा चाचपून पाहावी आणि ती उरली नसेल तर वडील माणसांना मोकळेपणाने सांगावे. महागड्या जोडीपेक्षा वेळेवर बदललेली साधी जोडी केव्हाही हितकारक.

उत्तम बूटही सर्व काही करू शकत नाही. नवा बूट आधी चालण्यासाठी वापरावा, मग थोडे थोडे धावावे. दुखणे दोन-चार दिवसांत थांबले नाही, तर शर्यत जवळ आली असली तरी विश्रांती घ्यावी व वैद्यकीय सल्ला घ्यावा. शर्यती पुढेही पुष्कळ येतील. पावले मात्र हीच दोन जन्मभर पुरवावयाची आहेत.