गेलिक फुटबॉलमधील कुमार अजिंक्यपद हंगाम : वयोमर्यादेतील एका वर्षाचा प्रश्न

प्रस्तावना

क्रीडास्पर्धांविषयीचे बहुतांश लेखन विजेत्यांविषयी असते. कोण जिंकले, कितीने जिंकले, निर्णायक गुण कोणी मिळविला, एवढ्यावर ते थांबते. मुलांच्या स्पर्धांच्या बाबतीत मात्र त्याआधीचा एक प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. या हंगामात खेळायचे कोणी, कोणत्या महिन्यांत, आणि कोणत्या वयापर्यंत? हा प्रश्न वरवर कार्यालयीन वाटतो; परंतु शेकडो मुलांचे अभ्यासाचे, विश्रांतीचे आणि पुढे खेळात टिकण्याचे गणित त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. आयर्लंडच्या गेलिक फुटबॉलमध्ये २०१८ साली कुमार गटाची वयोमर्यादा अठरावरून सतरा वर्षांखाली आणली गेली. या बदलाची कारणे आणि त्याचे परिणाम समजावून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचन मुलांच्या स्पर्धेपुरते मर्यादित आहे. मुली व महिलांच्या स्पर्धा १९७४ मध्ये स्थापन झालेली स्वतंत्र संघटना चालविते.

खेळ आणि त्याची संघटना

गेलिक फुटबॉल हा आपल्याकडे 'फुटबॉल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाहून पुष्कळ वेगळा आहे. प्रत्येक संघात पंधरा खेळाडू असतात. चेंडू हातात घेऊन धावता येते, मात्र चार पावलांनंतर तो जमिनीवर आपटून पुन्हा झेलावा लागतो किंवा पायाच्या चवड्याने उडवून हातात घ्यावा लागतो. गोलाचे खांब इंग्रजी 'एच' या अक्षराच्या आकाराचे असतात. आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेल्यास गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून, दोन्ही खांबांच्या मधून गेल्यास एक गुण. (२०२५ पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या अशा फटक्यास दोन गुण दिले जाऊ लागले.) गुणसंख्या लिहिताना गोल आणि गुण वेगवेगळे लिहितात. '२-१०' याचा अर्थ दोन गोल व दहा गुण, एकूण सोळा.

या खेळाची सूत्रे गेलिक ॲथलेटिक असोसिएशन या संस्थेकडे आहेत. १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपररी परगण्यातील थर्लस या गावी एका हॉटेलात झालेल्या बैठकीत ती स्थापन झाली. मायकेल क्युसॅक व मॉरिस डेव्हिन ही तिच्या संस्थापकांतील प्रमुख नावे. तिचे दोन विशेष येथे ध्यानात घ्यावयास हवेत. पहिला असा की, येथे मानधन नाही. क्रोक पार्कच्या प्रचंड मैदानात अंतिम सामना खेळणारा खेळाडूही सोमवारी आपल्या नोकरीवर किंवा वर्गात हजर होतो. दुसरा असा की, खेळाडू सामान्यतः आपल्या गावच्या क्लबकडून व आपल्याच काउंटीकडून खेळतो. काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपला जिल्हा. अशा बत्तीस काउंट्या मन्स्टर, लेन्स्टर, अल्स्टर आणि कॉनॉट या चार प्रांतांत विभागलेल्या आहेत.

या दोन विशेषांचा एकत्रित परिणाम असा होतो की, गुणवान मुलावर एकाच वेळी अनेकांचा हक्क पोहोचतो. तो शाळेकडून होगन चषकाच्या मार्गावर खेळतो, क्लबच्या कुमार संघात असतो, क्लबच्या ज्येष्ठ संघालाही तो हवा असतो, आणि काउंटीचा कुमार संघ त्याला सरावाला बोलावतो. यांपैकी कोणाशीही त्याचा करार नसतो, त्यामुळे 'नाही' म्हणण्याचा आधारही नसतो. व्यावसायिक खेळात मालक आपल्या गुंतवणुकीच्या काळजीने तरी खेळाडूला विश्रांती देतो. येथे तेही बंधन नाही.

हंगामाचा क्रम

'मायनर' या नावाने ओळखली जाणारी कुमारांची अखिल आयर्लंड फुटबॉल स्पर्धा १९२९ साली सुरू झाली. पहिले विजेतेपद क्लेअरने मिळविले. विजेत्यास टॉम मार्कम चषक दिला जातो. आधी प्रांतांतर्गत सामने होतात आणि तेथून वर आलेले संघ अखिल आयर्लंड पातळीवर भिडतात. ज्येष्ठांचा आंतरकाउंटी सामना सत्तर मिनिटांचा, तर कुमारांचा साठ मिनिटांचा असतो.

अनेक दशके या स्पर्धेचा अंतिम सामना ज्येष्ठांच्या अंतिम सामन्याच्या दिवशी, त्याच्या आधी, क्रोक पार्कवर होत असे. सकाळपासून जमू लागलेले हजारो प्रेक्षक आधी मुलांचा सामना पाहत. २०१९ साली कॉर्कने गॉलवेला हरविले तो सामनाही असाच झाला. त्यानंतर महामारीने वेळापत्रक विस्कटले आणि २०२२ पासून काउंटी व क्लब यांच्यासाठी वर्षाचे दोन स्वतंत्र भाग करण्यात आले. कुमारांचा अंतिम सामना आता जुलैमध्ये, दोन्ही संघांना सोयीच्या एखाद्या मैदानावर होऊ लागला. २०२२ साली गॉलवे आणि मेयो हे शेजारी रॉसकॉमन येथे खेळले. २०२३ साली डेरी व मोनाहन यांचा सामना अर्मा येथे झाला. मोठ्या मैदानाचा मान गेला याची हळहळ अनेकांनी व्यक्त केली. प्रस्तुत लेखकास मात्र ही हानी सांगितली जाते तेवढी मोठी वाटत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला आपल्या शाळासोबत्यांनी भरलेले जवळचे मैदान पुरेसे असते.

अठरावरून सतरा

२०१५ साली संस्थेचे तत्कालीन महासंचालक पॉरिक डफी यांनी अतिसराव, खेळाडूंची दमछाक आणि सामन्यांचे वेळापत्रक या विषयांवर एक टिपण सादर केले. त्यातूनच पुढे २०१६ च्या वार्षिक अधिवेशनात वयोमर्यादा बदलण्याचा निर्णय झाला आणि २०१८ पासून तो अमलात आला. कुमार गट सतरा वर्षांखालील झाला. १९६४ पासून चालत आलेली एकवीस वर्षांखालील स्पर्धा बंद होऊन तिच्या जागी वीस वर्षांखालील स्पर्धा आली. ज्येष्ठ संघाकडून अजिंक्यपदाचा सामना खेळलेल्या तरुणाने त्या वर्षी वीस वर्षांखालील संघात खेळू नये, असे बंधनही २०१८ मध्ये होते. एका मुलावरील हक्कदारांची संख्या कमी करणे हा या साऱ्यामागचा सरळ हिशेब होता.

परंतु नेमके एक वर्षच का? याचे उत्तर शरीरशास्त्रात शोधू नये. ते परीक्षेच्या वेळापत्रकात आहे. आयर्लंड प्रजासत्ताकात लीव्हिंग सर्टिफिकेट ही शालान्त परीक्षा जूनमध्ये सुरू होते. तिच्या गुणांवर विद्यापीठातील प्रवेश ठरतो, त्यामुळे घरोघरी तिची धास्ती आपल्या बारावीसारखीच असते. अठरा वर्षांखालील संघातील कितीतरी मुले याच परीक्षेला बसणारी असत, आणि प्रांतिक सामनेही याच दिवसांच्या आसपास येत. मर्यादा एका वर्षाने खाली आणल्यावर संघातील बहुतेक मुले परीक्षेच्या आदल्या वर्गात किंवा त्याही मागे राहिली.

येथे एक त्रुटी नोंदवावीशी वाटते. अल्स्टर प्रांतातील सहा काउंट्या उत्तर आयर्लंडमध्ये मोडतात आणि तेथील परीक्षापद्धती वेगळी आहे. तेथे सोळाव्या वर्षाच्या सुमारास जीसीएसई, त्यापुढे एएस व ए लेव्हल अशी पायऱ्यापायऱ्यांची रचना असून या परीक्षा मे-जूनमध्येच येतात. दक्षिणेच्या परीक्षेवरून आखलेली रेषा उत्तरेच्या मुलाला तेवढाच दिलासा देत नाही. तरीही २०२३ व २०२४ ची विजेतेपदे डेरीने आणि २०२५ चे टायरोनने मिळविले. म्हणजे तीनही वर्षी चषक याच सहा काउंट्यांत गेला. अडचण नव्हती असा अर्थ यावरून काढता येत नाही. ती गुणफलकावर दिसत नाही, एवढेच म्हणता येते.

जानेवारीत जन्मलेला मुलगा

या रेषेने काय बदलले हे एका उदाहरणावरून स्पष्ट होते. १७ सप्टेंबर २०१७ रोजी अठरा वर्षांखालील पद्धतीचा शेवटचा अंतिम सामना झाला. केरीने डेरीचा ६-१७ विरुद्ध १-८, म्हणजे पस्तीस विरुद्ध अकरा, असा पराभव केला. त्यात केरीच्या डेव्हिड क्लिफर्डने एकट्याने चार गोल व चार गुण मिळविले. हे सोळा गुण होतात, म्हणजे संपूर्ण प्रतिस्पर्धी संघाहून पाच अधिक. पुढील वर्षी तो ज्येष्ठ संघात दाखल झाला आणि वर्षातील सर्वोत्तम युवा खेळाडू ठरला.

क्लिफर्डची जन्मतारीख २२ जानेवारी १९९९. पात्रता १ जानेवारीच्या वयावरून ठरते. त्या दिवशी तो सतरा वर्षांचा होता, म्हणून त्या वर्षी पात्र. प्रत्यक्ष सामन्याच्या दिवशी त्याने अठरा वर्षे ओलांडली होती. नवा नियम एक वर्ष आधी आला असता तर हा सामना त्याच्या वाट्याला आला नसता. डेरीच्या बचावफळीस ते आवडले असते!

मात्र नव्या नियमानेही जन्ममहिन्याचा प्रश्न सुटलेला नाही. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात, परंतु त्यांच्या वाढीत जवळपास वर्षाचे अंतर असते. निवड करणाऱ्यास त्या अंतरात गुणवत्ता दिसते. कॅनडातील आइस हॉकीच्या संदर्भात रॉजर बार्न्स्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली हा परिणाम दाखवून दिला; त्यानंतर अनेक खेळांत तो आढळला आहे. आपल्याकडे कबड्डीच्या किशोर-कुमार गटांत वयाबरोबर वजनाचीही मर्यादा असते. तिने निदान शरीराच्या आकारातील तफावत आवरली जाते. गेलिक फुटबॉलमध्ये केवळ जन्मदाखला पाहिला जातो. क्लिफर्डची असामान्यता जानेवारीने घडविली असे कोणी म्हणणार नाही. पण डिसेंबरात जन्मलेले किती जण चौदाव्या-पंधराव्या वर्षीच बाजूला पडले, हे कोणत्याही नोंदीत सापडत नाही.

क्लबच्या पातळीवर

काउंटी संघात निवडली जाणारी मुले मूठभर. उरलेल्यांचे खेळणे गावच्या क्लबमध्येच होते, आणि वयोमर्यादेचा खरा भार तेथेच पडला. लहानग्यांच्या बाबतीत संस्थेचे धोरण उदार आहे. बारा वर्षांपर्यंत 'गो गेम्स' या पद्धतीत चषक नसतो आणि प्रत्येकाला पूर्ण वेळ खेळायला मिळते. त्यानंतर 'फेले पेल ना नोग' हा १९८२ पासूनचा क्लबांचा राष्ट्रीय महोत्सव येतो. त्यात पाहुण्या संघातील मुले यजमान क्लबच्या कुटुंबांत मुक्कामाला राहण्याची प्रथा रूढ झाली. येथवर वाट सलग आहे.

काउंटीबरोबर क्लबचा कुमार गटही सतरा वर्षांखाली आला तेव्हा ती तुटली. सतरा पूर्ण केलेला, पण प्रौढांच्या संघात जागा मिळवण्याइतका भक्कम नसलेला मुलगा कोठे खेळणार? एकोणीस वर्षांखालील गट हे उत्तर होते; परंतु तेवढी मुले मोठ्या शहरी क्लबातच मिळतात. पश्चिमेकडील ओस पडत चाललेल्या गावांत दोन-तीन क्लब एकत्र करूनही पंधरा जण जमविणे कठीण जाते. त्यात सतरा वर्षांखालील मुलांना प्रौढ संघात खेळण्यास मनाई झाली, तेव्हा लहान क्लबांचा ज्येष्ठ संघही अपुरा पडू लागला. या तक्रारींमुळे पुढे अनेक काउंट्यांनी आपल्या क्लब स्पर्धा पुन्हा बारा, चौदा, सोळा, अठरा अशा सम वयांवर नेल्या. काउंटीचा कुमार संघ मात्र सतराखालीच राहिला. अशा काउंटीत सतरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा गावच्या मैदानावर अजून कुमार असतो. काउंटीच्या निवड समितीसमोर तो आता कुमार नसतो, आणि वीस वर्षांखालील संघात पोहोचायला त्याला बहुधा दोन-तीन हंगाम वाट पाहावी लागते.