घर राखायला कोण थांबणार?

सरकारी जमिनीवरची २०११ पूर्वीची घरं नियमित करण्याचा विषय पुन्हा ऐरणीवर आला आणि ठरलेले दोन पक्ष समोरासमोर उभे राहिले. एकाच्या मते हे अतिक्रमणाला दिलेलं बक्षीस. दुसऱ्याच्या मते पट्टा, म्हणजे जागेच्या हक्काचा कागद, हातात पडला की बँकेचं दार उघडलं, गरिबी हटली. पट्टा मिळाल्यावर घरात खरोखर काय बदलतं, याची मोजदाद मात्र झालेली आहे आणि ती या दोघांच्याही बोलण्यात कुठे येत नाही.

पेरूमध्ये १९९६ ते २००३ या काळात शहरी वस्त्यांतल्या १२ लाखांहून जास्त कुटुंबांना मालकीचे कागद मिळाले. त्यामागे लिमाचे अर्थतज्ज्ञ हर्नान्दो दे सोतो यांचा विचार होता. गरिबाकडे घर असतं, कागद नसतो. म्हणून घर तारण ठेवता येत नाही आणि भांडवल पडून राहतं, हा त्यांचा सिद्धांत जगभर गाजला. एरिका फील्ड या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ बाईंनी त्याच वस्त्यांची पाहणी तपासली. खासगी बँकांच्या कर्जात म्हणावी अशी वाढ काही सापडली नाही. सापडलं ते वेगळंच, आणि मला ते कर्जापेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. कागद मिळालेल्या घरांतली मोठी माणसं जास्त तास काम करू लागली होती, तेही घरी बसून नव्हे, बाहेर पडून. आणि मुलांचं कामाला जाणं कमी झालं होतं.

असं का व्हावं, हे आपल्याकडच्या कोणत्याही वस्तीत विचारा. घराला कुलूप लावायचं नाही, हा तिथला अलिखित कायदा. दार बंद दिसलं की सर्वेक्षणाला आलेला माणूस यादीत ‘बंद’ असा शेरा मारून पुढच्या दाराशी जातो. तो शेरा बदलून घेताना खेटे घालून चपला झिजतात. पाडापाडीचं पथक आलं तर पत्रे, शेगडी आणि कागदांची पिशवी बाहेर काढायला कोणीतरी घरात हवं. त्या पिशवीत फोटोपास असतो, जुनी वीजबिलं, कराच्या पावत्या, मतदार यादीच्या पानाची झेरॉक्स. ती राखायला सासू थांबते, नाहीतर सून हातची धुणीभांडी सोडते, नाहीतर थोरल्या मुलीची शाळा बुडते. घर वाचवण्यासाठी बुडालेली ही मजुरी कोणत्याही हिशेबात धरली जात नाही. पट्टा ती परत देतो.

दुसरा दाखला अर्जेंटिनाचा. ब्युनोस आयर्सजवळच्या सान फ्रान्सिस्को सोलानोत १९८१ साली सुमारे १,८०० कुटुंबांनी मोकळी जमीन सरकारी समजून ताब्यात घेतली. ती निघाली खासगी मालकांची. १९८४ साली प्रांतिक सरकारने ती संपादित करून रहिवाशांना देण्याचा कायदा केला. काही मालकांनी मोबदला घेतला, काही कोर्टात गेले. त्यामुळे एकाच वस्तीत, सारख्याच परिस्थितीतल्या काहींना कागद मिळाले आणि काहींना वर्षानुवर्षं मिळाले नाहीत. सेबास्तियन गालियानी आणि एर्नेस्तो शार्ग्रोद्स्की यांनी या दोन गटांची तुलना करून २०१० साली निष्कर्ष छापले. कागदवाल्यांनी घरावर जास्त खर्च केला होता, त्यांची कुटुंबं लहान होती, मुलं जास्त शिकली होती. आणि यात कर्जाचा वाटा इथेही जवळपास नव्हताच. लोकांनी स्वतःच्याच पैशाने, एकेक खोली करत बांधलं. उद्या बुलडोझर येणार नाही एवढी खात्री त्यांना पुरली.

‘बक्षीस’ म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मी मानतो. गायरान गावाचं असतं आणि ते लाटणारे सगळेच काही भूमिहीन नसतात. सर्वोच्च न्यायालयाने २०११च्या जगपाल सिंग प्रकरणात सामाईक जमिनी मोकळ्या करा असं बजावलं, ते धनदांडग्यांना उद्देशून होतंच. पण त्याच निकालात अपवादही सांगितला आहे: भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींना शासनाने अधिसूचना काढून दिलेल्या जमिनी. हा भाग कोणी वाचून दाखवत नाही.

आपल्याकडची खरी अडचण मात्र तत्त्वाची नाही, सातबाऱ्याची आहे. नागपूर घ्या. एक वस्ती नझूलच्या जागेवर, दुसरी सुधार प्रन्यासच्या, तिसरी महापालिकेच्या, चौथी रेल्वेच्या. आणि रेल्वेची जमीन केंद्राची, तिथे राज्याचा शासन निर्णय चालत नाही. त्यात पूर्व विदर्भाचं झुडपी जंगल. ही वनजमीनच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला आणि १२ डिसेंबर १९९६च्या आधी रीतसर दिल्या गेलेल्या जागांपुरती केंद्राच्या मंजुरीची वाट ठेवली. घरासमोर झाड नाही, डांबरी रस्ता आहे, नळ आहे, पण नोंद जंगलाची. अशा घराला पट्टा द्यायचा तर आधी नोंद सुधारायला हवी, हद्दी मोजायला हव्यात. त्यावाचून मंडपात वाटलेला कागद मालमत्ता पत्रकापर्यंत पोहोचतच नाही.

ओडिशाने हे काम उलट्या टोकाने केलं, म्हणून त्याचं मला कौतुक आहे. २०१७चा कायदा केल्यावर ड्रोनने वस्त्यांचे नकाशे काढले, मग रहिवाशांना सोबत घेऊन घरोघर पडताळणी केली. दुर्बल घटकांना ३० चौरस मीटरपर्यंतची जागा मोफत, हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे. तो वारसाला मिळतो, तारण ठेवता येतो, विकता येत नाही. विक्रीच्या बंदीबद्दल मी साशंक आहे. मुलीच्या लग्नाला किंवा आजारपणाला माणूस घर विकणारच. बंदी असली की ते स्टॅम्पपेपरवर विकलं जातं आणि विकत घेणारा पुन्हा बिनकागदाचा होतो.

सोलानोतही थोडंफार असंच झालं. त्याच दोन अभ्यासकांनी २०१६ साली दाखवलं की मृत्यू, घटस्फोट किंवा विक्री झालेल्या घरांपैकी बऱ्याच घरांचा कागद जुन्याच नावावर राहिला. नाव बदलण्याचा खर्च त्या कुटुंबांना झेपणारा नव्हता. आपल्या पट्ट्यांवरचे अनेक धारक आजच साठीच्या पुढचे आहेत. वारसनोंद वस्तीतच शिबिर लावून, बिनशुल्क करून देण्याची तरतूद शासन निर्णयात आत्ताच घालायला हवी, पट्टे वाटून झाल्यावर नव्हे.