अनुक्रमातून उमटणारे संगीत

मैफिलीत कोणत्या रागामागून कोणता राग यावा, याचा विचार हा गायकाच्या प्रतिभेचाच एक अंश असतो, हे आपल्याकडील श्रोत्यांस निराळे पटवून द्यावे लागत नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रणात मात्र दीर्घकाळ वेगळाच शिरस्ता होता. एक संगीतकार घ्यावा, त्याच्या एका प्रकारच्या समग्र रचना घ्याव्यात आणि त्या क्रमांकवार दप्तरी दाखल करून टाकाव्यात, ही तेथील वहिवाट. आर्टुर श्नाबेल यांनी १९३२ ते १९३५ या काळात, तबकडीच्या एका बाजूस जेमतेम चार-साडेचार मिनिटांचे वादन मावत असताना, बेथोव्हनचे बत्तीसही सोनाटा ध्वनिमुद्रित केले, आणि त्या थोर पराक्रमानंतर समग्रता हीच पियानोवादकाच्या इभ्रतीची खूण मानली जाऊ लागली. आइसलँडचा पियानोवादक व्हिकिंगुर ओलाफ्सन याच्या ध्वनिमुद्रिका मला महत्त्वाच्या वाटतात, त्या याच पार्श्वभूमीवर. त्याच्या हाती अनुक्रम हीच एक रचना होते.

१९८४ साली जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कच्या जुलियर्ड विद्यालयात शिकलेल्या या वादकाची ‘डॉइच ग्रामोफोन’साठी केलेली पहिली ध्वनिमुद्रिका २०१७ च्या जानेवारीत, फिलिप ग्लास यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या सुमारास निघाली. पॅरिसमध्ये पंडित रविशंकरांच्या सहवासात तालाचा नवा विचार गवसलेल्या आणि पुढे ‘सत्याग्रह’ या ऑपेरासाठी गीतेतील संस्कृत वचने योजणाऱ्या ग्लास यांचे संगीत म्हणजे पुनरावृत्तीचे संगीत. ओलाफ्सन ती पुनरावृत्ती अशा रीतीने वाजवतो की तीच आकृती प्रत्येक वेळी किंचित निराळ्या प्रकाशात दिसावी.

परंतु त्याची खरी पद्धत दृग्गोचर झाली ती २०१८ च्या बाख-ध्वनिमुद्रिकेत. येथे कोणताही संच पुरा केलेला नाही. लहान लहान प्रील्यूड, फ्यूग, इन्व्हेन्शन यांच्या शेजारी बुसोनी, राखमानिनोव्ह, सिलोटी, स्ट्राडाल यांनी पियानोसाठी केलेली रूपांतरे बसवली आहेत, आणि त्यांत एक रूपांतर ओलाफ्सनचे स्वतःचे आहे. ते ज्या कॅन्टाटाचे आहे, त्याचा आरंभच एका विसंवादी स्वरसंघाताने होतो. कोणतीही प्रस्तावना नाही, सांत्वन नाही, पहिल्याच क्षणी वेदना समोर उभी राहते. अशा आरंभाचा परिणाम त्यापूर्वी काय ऐकले यावर अवलंबून असतो. आपल्या तंबोऱ्यासारखा अखंड षड्ज पाश्चात्त्य संगीतात नसतो. प्रत्येक रचना आपला आधारस्वर बरोबर घेऊन येते, आणि आधीच्या रचनेचा आधारस्वर कानात रेंगाळत असतानाच नव्याचे आगमन होत असल्यामुळे, दोहोंमधील अंतर हे न लिहिलेले पण स्पष्ट ऐकू येणारे संगीत ठरते.

२०२० सालच्या द्यब्युसी-रामो या ध्वनिमुद्रिकेत हे अंतर शतकांचे आहे. रामो १७६४ मध्ये निवर्तला, द्यब्युसी १८६२ मध्ये जन्मला. परंतु द्यब्युसीने रामोच्या एका ऑपेराचे संपादन केले होते आणि त्याला उद्देशून पियानोची एक वंदनाही रचली होती. हे नाते आजवर बहुतांशी विद्वत्तेच्या दस्तऐवजांतच पडून होते; ओलाफ्सनने ते बोटांच्या स्पर्शात आणले. रामोचा अखेरचा ऑपेरा ‘ले बोरेआद’ त्याच्या हयातीत रंगभूमीवर आलाच नाही. त्याच्या चौथ्या अंकातील एका संथ प्रवेशाचे जे रूपांतर येथे आहे, ते ऐकताना हे मुळातच पियानोसाठी लिहिले असावे असे वाटते. पुढच्या वर्षीच्या मोत्सार्ट आणि समकालीनांच्या ध्वनिमुद्रिकेविषयी माझे मत इतके निःशंक नाही: तेथे चिमारोझाचे छोटे सोनाटा ओलाफ्सनच्या स्वररंगात इतके न्हाऊन निघाले आहेत की मूळ मजकूर कोणाचा, असा प्रश्न पडावा.

‘फ्रॉम अफार’ ही २०२२ सालची ध्वनिमुद्रिका मात्र मला त्याची सर्वांत आत्मीय कृती वाटते. हंगेरीचे वयोवृद्ध संगीतकार ग्यॉर्ग कुर्टाग यांची बुडापेस्ट येथे २०२१ मध्ये जी भेट झाली, तिच्यातून हिचा उगम. कुर्टाग आणि त्यांच्या पत्नी मार्ता एका साध्या उभ्या पियानोवर, आवाज दाबून टाकणारे पेडल लावून, बाखची रूपांतरे चार हातांनी वाजवीत. मार्ताबाई २०१९ मध्ये गेल्या. ओलाफ्सनने सर्व कार्यक्रम दोनदा ध्वनिमुद्रित केला: एकदा भव्य ग्रँड पियानोवर आणि एकदा उभ्या पियानोवर, ज्याच्या हातोड्या आणि तारा यांच्यामध्ये नमद्याची पट्टी असते. नमद्यामुळे आघाताची धार जाते, स्वर लवकर विरतो, आणि कळांची हालचाल, लाकडाचा हलका खडखडाट ऐकू येऊ लागतो. ग्रँड पियानोवर जे निवेदन सभागृहास उद्देशून केलेले वाटते, तेच येथे रात्री घरातील माणसे निजल्यावर स्वतःशी केल्यासारखे वाटते. स्वर, क्रम, वादक सर्व तेच. केवळ वाद्य निराळे असता अर्थ किती बदलतो, याचा इतका प्रामाणिक दाखला माझ्या पाहण्यात दुसरा नाही. दोहोंतील मी प्रथम उभ्या पियानोची बाजू ऐकण्याची शिफारस करीन.

२०२३ सालच्या गोल्डबर्ग व्हेरिएशन्समध्ये अनुक्रम बाखनेच मुक्रर केलेला असल्यामुळे ओलाफ्सनला निवडीस वावच उरला नाही. एक आरिया, तिचे तीस अवतार, आणि पुनश्च तीच आरिया. अखेरचा सोडून दर तिसरा अवतार कॅनन, म्हणजे एका स्वरावलीचे दुसरीने पाठोपाठ केलेले अनुकरण, आणि पहिल्यापासून नवव्या कॅननपर्यंत अनुकरणातील स्वरांतर एकेका पायरीने वाढत गेलेले. पियानोवादक ग्लेन गुल्डने १९५५ मध्ये हे सर्व, प्रत्येक भाग दुसऱ्यांदा वाजवण्याची आवर्तने वगळून, अडतीस मिनिटांत संपवले. ओलाफ्सन आवर्तने घेतो, आणि म्हणून त्यास सुमारे सव्वा तास लागतो. दुसऱ्या आवर्तनात तो बहुधा एखादा आतला स्वरप्रवाह वर उचलतो, त्यामुळे आवर्तन हे पुनरुच्चारण न राहता खुलासा होते. पंचविसाव्या अवताराचा दीर्घ शोक त्याने इतका संथ घेतला आहे की काळाचे भानच सुटते. या ध्वनिमुद्रिकेस २०२५ मध्ये ग्रॅमी पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षी निघालेल्या ‘ओपस १०९’मध्ये तो पुन्हा आपल्या पद्धतीकडे वळला. बेथोव्हनचे अखेरचे तीन सोनाटा एकत्र देण्याची रूढी मोडून त्याने त्यांतील पहिलाच घेतला, आणि त्याच्याभोवती बाख, शूबर्ट व बेथोव्हनच्याच अशा रचना मांडल्या की ज्यांचा आधारस्वर ई हाच आहे. तिन्ही सोनाटा एकत्र हवे असणाऱ्यांस ही योजना अपुरी भासेल. परंतु या सोनाटाचा अखेरचा भागही एका गाण्यासारख्या विषयाचे अवतार आहे, आणि सर्व अवतार संपल्यावर तो विषय, गोल्डबर्गमधील आरियेप्रमाणे, परत येतो. गोल्डबर्गनंतर ओलाफ्सन नेमका येथेच का थांबला, ते ही दोन ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐकणाऱ्यास कळते.