स्वहस्ते घडविलेला कॅमेरा

बंधू आनंदराव 1916 साली निवर्तल्यावरही उमेद न सोडता कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी सहकारी दामल्यांच्या साहाय्याने चलच्चित्रणाचा कॅमेरा स्वहस्ते घडविला आणि 1920 साली त्यावर चित्रित झालेली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली, हा या प्रांतातील अव्वल दाखला होय. ठाणे-डोंबिवलीतील जिज्ञासूला तेवढा खटाटोप नको. आतून काळ्या रंगविलेल्या पत्र्याच्या डब्याला सुईने पाडलेले 0.3 मिलिमीटरचे छिद्र, त्यावर काळी चिकटपट्टी आणि समोरच्या बाजूस लाल दिव्याच्या उजेडात बसविलेला प्रकाशसंवेदी कागद, एवढी सामग्री सूचिछिद्र (पिनहोल) कॅमेऱ्याला पुरते. मासुंदा तलावाकाठी भर उन्हात मिनिटभर पट्टी दूर केली, की स्थिर इमारती उमटतात आणि चालती माणसे जवळजवळ नाहीशी होतात. मला हे काळाचेच चित्र वाटते. एप्रिलचा शेवटचा रविवार जगभर अशा छायाचित्रणासाठी राखलेला असतो. वाचकांनी तोवर एखादा डबा अवश्य सिद्ध करावा.