‘एमी’ : ताटावरून उठल्यानंतर

ब्रिटिश गायिका एमी वाइनहाउस हिच्यावरील ‘एमी’ हा माहितीपट २०१५ मध्ये प्रदर्शित झाला आणि पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळाले. दिग्दर्शक आसिफ कपाडिया यांनी घरगुती चित्रफितींवर आप्तमित्रांचे आवाज गुंफून तिची कारकीर्द उभी केली आहे. ‘बॅक टू ब्लॅक’चे यश, २००८ मध्ये एकाच रात्री लाभलेले पाच ग्रॅमी पुरस्कार, मग मद्य, अमली पदार्थ आणि दारापाशी ताटकळणारे छायाचित्रकार. (त्यांनीच टिपलेली दृश्ये चित्रपटही मुक्तपणे वापरतो, हे खटकते.) २३ जुलै २०११ रोजी ती गेली, तेव्हा २७ वर्षांची होती. तिच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ४१६ मिलिग्रॅम मद्यार्क आढळला. आपल्याकडे वाहनचालकासाठी ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे.

प्रेक्षकाच्या मनात हा आकडा घर करतो. मला मात्र त्याहून अस्वस्थ केले ते तिच्या किशोरवयातल्या एका लहानशा आठवणीने. वजन आटोक्यात ठेवण्याची नामी युक्ती सापडल्याचे एमीने आईला सांगितले होते : हवे ते खायचे आणि नंतर उलटून टाकायचे. हे खूळ आपोआप जाईल, असे आईला वाटले. ते गेले नाही.

आईला दोष देणे सोपे आहे. पण बुलिमिया हा आजार लपण्यात तरबेज असतो. मुलगी सर्वांबरोबर पोटभर जेवते, वजन बहुधा नेहमीइतकेच राहते. शंका यावी तरी कशावरून? जेवण होताच न्हाणीघर गाठणे व नळ सोडून ठेवणे, बोटांच्या पेरांवर मागच्या बाजूस चरे वा घट्टे, गालगुंड झाल्याप्रमाणे कानांखाली सूज, दातांच्या आतील बाजूची झीज. ही झीज कित्येकदा दंतवैद्यालाच प्रथम दिसते. उलटीनंतर लगेच दात घासल्यास ती वाढते. त्याऐवजी साध्या पाण्याने चूळ भरावी. मुलगेही यातून सुटत नाहीत, ते फक्त कमी बोलतात.

दातांपेक्षा मोठा धोका हृदयाला असतो. वारंवार उलट्यांमुळे रक्तातील पोटॅशियम घटते आणि हृदयाची लय बिघडू शकते. त्यात मद्याची भर पडली, तर आधीच पोखरलेल्या देहाला तो भार पेलवत नाही. पुढे एमीच्या भावानेही म्हटले होते की बुलिमियाने ती दुर्बळ झाली होती.

असे काही आढळल्यास ताटावर पहारा बसवू नये, वजनाचा तर उल्लेखही टाळावा. ‘जेवल्यावर तुला त्रास होतो का गं?’ एवढे एकान्तात विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे. मग कुटुंबाच्या डॉक्टरांकडे न्यावे. पोटॅशियमची तपासणी व ईसीजी तेथे सहज होतात. पुढचे उपचार मानसोपचारतज्ज्ञांचे : विचार व वर्तन बदलण्याचे समुपदेशन, काहींना औषधेही. तपासणीच्या वेळी काही मिनिटे पालकांनी आपण होऊन बाहेर बसावे. मुली बहुधा तेव्हाच बोलतात.